कोणता पेड धरायचा?

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुपेडी रचना मांडली. ए समोर टी, जी समोर सी, अशा जोड्यांनी दोन पेड एकमेकांना धरून असतात. ही पकड माणसाला हवी तशी घडवता येईल का, या प्रश्नाचा इतिहास मला येथे मांडायचा आहे. तो बहुधा पकड घट्ट करण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो निवडीचा इतिहास वाटतो.

१९७८ मध्ये अमेरिकेत झॅमेक्निक आणि स्टीफन्सन यांनी तेरा अक्षरांचा डीएनएचा तुकडा कोंबडीच्या पेशींत वापरून राउस सार्कोमा विषाणूची वाढ रोखली. विषाणूच्या आरएनएला पूरक तुकडा चिकटला की त्याचे काम अडते, ही त्यामागची कल्पना. पण पेशीतील विकरे असे तुकडे कुरतडून टाकतात. गॉटिंगेनच्या फ्रिट्झ एकस्टाइन यांनी कण्यातील एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवण्याची रीत विकसित केली होती. ती येथे उपयोगी पडली. तुकडा टिकू लागला, पण पकड किंचित सैलावली.

१९९१ मध्ये कोपनहेगनच्या नील्सन, एगहोम, बर्ग आणि बुकार्ट यांनी साखर-फॉस्फेटचा कणाच काढून टाकला आणि प्रथिनांतल्यासारखे बंध असलेला कणा घातला. हा पीएनए दुपेडी डीएनएच्या खाचेत बसावा, अशी योजना होती. प्रत्यक्षात त्याने एक पेड बाजूला सारला आणि त्याची जागा स्वतः घेतली! डीएनएचे दोन्ही पेड ऋण प्रभाराचे असल्याने एकमेकांना थोडे दूर लोटतात. पीएनएच्या कण्यावर प्रभारच नाही, म्हणून त्याची पकड घट्ट.

मात्र तो डीएनए आणि आरएनए दोघांनाही धरतो. निरोप थांबवायचा असेल, तर आरएनएला धरावे आणि जनुकाला हात लावू नये, हेच बरे. येथे पुण्याचे काम महत्त्वाचे ठरते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गोविंदराजू, वैजयंती कुमार आणि कृष्ण गणेश यांनी पीएनएच्या लवचिक कण्यात सहा कार्बनांचे ताठ वलय बसवले. आरएनएशी जुळताना पीएनएच्या कण्यातील एक कोन सुमारे ६५ अंशांचा असतो, डीएनएशी जुळताना सुमारे १४० अंशांचा. वलयाने तो ६५ च्या आसपास बांधून ठेवला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या रेणूने आरएनएला स्पष्ट पसंती दिली. पाच कार्बनांचे वलय अधिक लवचिक. त्याने दोघांशीही पकड वाढवली, निवड मात्र केली नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले नुसिनर्सेन हे औषध पीएनए नव्हे. साखरेत बदल केलेला आणि कण्यात गंधक असलेला तो अठरा अक्षरांचा तुकडा आहे. मज्जारज्जूशी निगडित स्नायुक्षय झालेल्या बालकांच्या पेशींत तो एकाच आरएनएच्या एका ठरावीक जागी बसतो आणि त्याची जुळणी बदलतो. तेवढ्याने आवश्यक प्रथिन वाढते. तो भलतीकडे चिकटला असता, तर त्याच्या घट्टपणाचा उपयोग काय होता?