अंबरखान्यातील दाणा आणि विकराचे कुलूप

पन्हाळगडावर सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांना आपण अंबरखाना दाखवतोच. गंगा, यमुना व सरस्वती या तेथील तीन कोठ्या. त्यांत भात, नाचणी, वरी साठवीत. एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावे, असे सांगतात. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा भर पावसाळ्यातही उठला नाही. अशा वेळी गडकऱ्यांचे जगणे धान्यावर आणि धान्याचे टिकणे कोरडेपणावर अवलंबून होते. दाण्याला ओल लागली, की मोड येतात आणि त्यातील स्टार्चची साखर होऊ लागते. हीच क्रिया घरी मुद्दाम घडवून आपण नाचणीचे सत्त्व करतो.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य रेणूंची साखळी. ती तोडणारा पदार्थ पायाँ व पर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या सातूतून वेगळा केला. त्याला त्यांनी 'डायास्टेज' म्हटले. अशा पदार्थांना आज आपण विकरे म्हणतो.

प्रत्येक विकर ठरावीक बंधच का तोडते? जर्मनीच्या एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली. विकर हे कुलूप, त्यात नेमका बसणारा रेणू ही किल्ली. उपमा सोपी होती, म्हणून ती पाठ्यपुस्तकांत रुजली.

अडचण पुढे आली. बीटा-अमायलेज हे विकर स्टार्चच्या साखळीच्या एका टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे तोडते. ग्लुकोजच्या रेणूंचे बंद कडे दिले, तर ते विकराला चिकटते, पण तुटत नाही. किल्ली कुलपात शिरते, मग कुलूप का उघडत नाही? अमेरिकन शास्त्रज्ञ डॅनिएल कोशलँड यांनी १९५८ मध्ये असे मांडले होते, की विकराचा आकार ताठर नसतो. योग्य रेणू आल्यावरच तो कार्यक्षम घडण घेतो. हात घातल्यावर हातमोजा भरतो, तसे. १९६० मध्ये थोमा व कोशलँड यांनी याच कड्याचा पुरावा पुढे केला. कड्याला टोक नाही, म्हणून विकराला योग्य घडण येत नाही.

प्रत्यक्ष चित्र मिळायला आणखी तीन दशके लागली. जपानमधील बुन्झो मिकामी व सहकाऱ्यांनी सोयाबीनमधील बीटा-अमायलेजच्या स्फटिकांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. त्यात विकराच्या खाचेवर झाकणासारखा एक लवचिक भाग दिसला. तो उघडा असताना साखळीचे टोक आत येते. मिटल्यावर ते जागच्या जागी धरले जाते. मग ग्लुटामिक आम्लाचे दोन गट पाण्याच्या एका रेणूच्या साहाय्याने बंध तोडतात.

कुलूप-किल्ली जरूर शिकवावी, पण तेथे थांबू नये, असे आम्हांला वाटते. वर्गात एक प्रयोग करता येईल. तांदळाच्या पिठाची घट्ट पेज दोन वाट्यांत घ्या व कोमट होऊ द्या. एकीत मोड आलेल्या नाचणीचे पीठ पाण्यात कालवून घाला; दुसरीत तेच कालवण उकळून, गार करून घाला. पहिली पेज पातळ होईल, दुसरी घट्टच राहील. पीठ तेच, विकरही तेच होते. मग उकळल्याने नेमके काय गेले, हे विद्यार्थ्यांना विचारा.