रंगीत यादीची कथा

संगणकाच्या टर्मिनलमध्ये ‘एलएस’ ही दोन अक्षरं टंकली की फायलींची यादी उमटते. आज्ञा जुनी आहे. १९७१ सालच्या पहिल्या युनिक्समध्येही ती होती. तेव्हा यादी निघे ती टेलिटाइप ३३ सारख्या यंत्रावर, कागदावर. तिथं रंग कुठला?

पुढं पडदे आले. १९७८ साली निघालेला व्हीटी-१०० एकरंगीच होता. पण मजकुरात खुणेचे आकडे पेरून अक्षर ठळक करण्याची युक्ती त्यानं रुळवली. रंगीत पडद्यांवर त्याच रीतीनं ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ३४ निळा. १९९० नंतरच्या दशकात ग्नू प्रकल्पाच्या ‘एलएस’नं हे आकडे उचलले. डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा कप्पा, निळी. चालवता येणारा प्रोग्रॅम हिरवा. गाठोडं बांधलेली फाईल लाल.

सोय खरीच. पण काळ्यावर गडद निळं वाचताना डोळे शिणतात. आणि ज्याला लाल-हिरव्यातला भेदच दिसत नाही, त्यानं काय करावं? एच. पीटर अन्विन यांनी लिहिलेला ‘डिरकलर्स’ त्यासाठीच. त्याच्याकडून रंगांची यादी साध्या फायलीत उतरवून घ्यावी, डिरेक्टरीपुढचा ३४ खोडून ३३ लिहावा, ती फाईल त्यालाच परत वाचायला द्यावी आणि तो छापेल ती आज्ञा टर्मिनलमध्ये चालवावी. डिरेक्टरी पिवळी होते! रंगाच्या पर्यायात मात्र ‘ऑटो’ ठेवावं, नाहीतर यादी दुसऱ्या फायलीत वळवताना हे आकडे तिथं घुसतात.

रंग नकोच असेल, तर आज्ञेला आडवी रेघ व मोठा ‘एफ’ जोडावा. डिरेक्टरीच्या नावामागं तिरकी रेघ येते, प्रोग्रॅममागं तारा.