लाकडाच्या भांड्यात विस्तव

मंडळी, तंबाखू वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण लाकडी पाईप ही वस्तू इंजिनियरच्या नजरेने बघा. जळणाऱ्या पदार्थाचं भांडं करायचं, त्यात विस्तव ठेवायचा आणि वर अपेक्षा अशी की भांडं जळू नये! हे कोडं फ्रान्समध्ये एका तऱ्हेने सुटलं, आपल्याकडे वेगळ्याच.

आधी आपल्याकडची गोष्ट. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आला होता. (तेव्हा आपला पन्हाळाही आदिलशाहीतच होता.) तिथे त्याला तंबाखू मिळाला. बादशहासाठी त्याने एक पाईप सजवला : आचेनची, म्हणजे सुमात्रा बेटावरची, तीन हात लांब नळी, दोन्ही टोकांना रत्नं आणि मिनाकाम, तोंडाशी येमेनी अकीक. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, हकीम हरकत घेत राहिला. बादशहाला काही सवय लागली नाही, सरदारांना मात्र लागली. जहांगीरने १६१७ मध्ये बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता.

पुढे आपल्याकडे चिलीम आणि गुडगुडी रुळली. युक्ती सोपी : विस्तव मातीकडे, गारवा पाण्याकडे. चिलीम कुंभाराने भाजलेली, आत खडा, तळाला ओल्या फडक्याची छापी. गुडगुडीत पाण्याला नारळाची करवंटी. लाकडाने विस्तव धरायचा प्रश्नच आला नाही. फुटली चिलीम तर दुसरी घ्यायची!

आता फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं सँ-क्लोद हे गाव. इथले कातारी आधीपासून लाकूडकामात मुरलेले. बॉक्सवुडसारख्या लाकडाचे पाईप ते करत, पण ते करपत. १८५० च्या दशकात त्यांच्या हाती ब्रायर आलं. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी ही गाठ दाट असते आणि उष्णता सोसते. ती तासन्‌तास उकळून चीक काढायचा, महिनोन्‌महिने वाळवायची, मग कातायची. खरी कसोटी भोकांची. तंबाखूच्या खळग्याचा तळ आणि धुराचं भोक नेमकं एकमेकांना भिडलं पाहिजे, नाहीतर पाईप नीट ओढला जात नाही. वापरता वापरता आत काजळीचा थर बसतो आणि तोच लाकडाला सांभाळतो. एका मुळाच्या गाठीवर अख्खं गाव जगभर प्रसिद्ध झालं.

आपल्या भागाचं तसं का झालं नाही? कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवरची निपाणी तंबाखूची मोठी पेठ. पण हा तंबाखू विडीचा, आणि विडीत टेंभुर्णीचं पान हाच पाईप. एकदा ओढला की राख! अवजारच उरत नाही, मग कारागिराचं नाव कुठे कोरणार?

पण मला खरा फरक या पुढचा वाटतो. सँ-क्लोदमध्ये १८८१ साली 'ला फ्रातेर्नेल' ही सहकारी संस्था निघाली. नफा वाटून न घेता सामाईक कामांसाठी ठेवायचा, हा तिचा बाणा. १९१० साली तिथे लोकांचं हक्काचं घर उभं राहिलं, नाट्यगृहासकट. सहकार म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना सांगायला नकोच. तरी निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या खकाण्यात राबणाऱ्या बायकांना संघटित व्हायला जवळजवळ शंभर वर्षं जास्त लागली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी निपाणीत महामार्ग अडवला, गोळीबारात माणसं गेली. ते आंदोलन पुष्कळांना आठवतं. वखारीतल्या बायकांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली माहितीपट केला, 'तंबाखू चाकीला ऊब आली'. तो फार थोड्यांना माहीत आहे.

असद बेगच्या पाईपवरची रत्नं इतिहासात नोंदली गेली. तंबाखू चाळणाऱ्या हातांची नोंद निदान एका माहितीपटात आहे. मिळाला तर जरूर बघा.