खाणी बंद होतात, पोकळी राहते

आमच्या तलवाड्याकडे विहिरीची दरड कोसळते ती बहुधा पावसाळ्यात, माती पाण्यानं जड झाली की. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात हाच धोका कितीतरी मोठा आहे.

तिथं इंग्रजी अमदानीत भुयारी खाणी निघाल्या. छत पेलायला कोळशाचेच खांब ठेवत. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद झाली. १९७३च्या राष्ट्रीयीकरणानंतर उघड्या खाणी वाढल्या. अशा खाणीच्या उतारामागे जुनं भुयार आलं, की पोकळी आणि साचलेलं पाणी कडा आतून कमकुवत करतात.

ऑगस्ट २०२२मध्ये घुग्घुसला जुन्या भुयारी खाणीवरचं राहतं घर जमिनीत गडप झालं. म्हणून मी म्हणतो, जुन्या खाणींचे नकाशे दप्तरात धूळ खात पडू देऊ नयेत. उतार कुठं सौम्य ठेवायचा, पाणी कुठून उपसायचं, हे तेच सांगतात.