सायप्रसचा खुजा पाणघोडा

भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर प्लाइस्टोसीन काळाच्या अखेरीपर्यंत आढळणारा, आता निर्वंश झालेला सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव फॅनूरिओस मायनर. काही अभ्यासक तो हिप्पोपोटॅमस या प्रजातीतच ठेवतात. पहिले शास्त्रीय वर्णन देमारे यांनी १८२२ मध्ये केले. बेटावरील जीवाश्मांचे पद्धतशीर संकलन डोरोथीआ बेट यांनी १९०१-०२ मध्ये सुरू केले.

वर्णन : खांद्यापाशी उंची सु. ७५ सेंमी., वजन सु. १३० किग्रॅ. पायांची ठेवण पोहण्यापेक्षा चढउताराच्या जमिनीवर चालण्यास सोयीची. बेटावर मोठे शिकारी प्राणी नव्हते व चाराही मर्यादित होता. त्यामुळे आकार पिढ्यानुपिढ्या घटत गेला असे मानतात. मायटोकाँड्रियल डीएनएनुसार हा प्राणी आजच्या आफ्रिकी पाणघोड्याचा जवळचा आप्त असून दोघांच्या शाखा सु. १४–१५ लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. पश्चिम आफ्रिकेतील बुटक्या पाणघोड्याशी त्याचे नाते दूरचे आहे.

अन्य बेटे : क्रीट, माल्टा व सिसिली येथेही खुज्या पाणघोड्यांचे जीवाश्म सापडतात.

मानवाशी संबंध : माणसाने या प्राण्याची शिकार केली का, या प्रश्नाचा मुख्य पुरावा अक्रोटिरी द्वीपकल्पावरील एटोक्रेम्नोस या कोसळलेल्या शैलाश्रयातून मिळतो. ॲलन सिमन्स यांनी १९८७ ते १९९० या काळात येथे उत्खनन केले. दोन लाखांहून अधिक हाडे मिळाली; ती किमान ५०० पाणघोड्यांची असावीत. खुज्या हत्तींची हाडे मात्र मोजकीच आहेत. सोबत गारगोटीजातीय दगडाची सु. एक हजार हत्यारे व छिलके, लहान तासण्या, मणी, शिंपले, पक्ष्यांची हाडे आणि चुली आढळल्या. काळ सु. १२,००० वर्षांपूर्वीचा. सायप्रसमधील मानवी वावराच्या सर्वांत जुन्या निश्चित पुराव्यांपैकी हा एक होय.

सिमन्स यांच्या मते शिकाऱ्यांनी पाणघोडे मारून येथे आणले; सु. तीस टक्के हाडे जळालेली आहेत, याकडे ते लक्ष वेधतात. आक्षेप असा, की कापल्याच्या खुणा हाडांवर जवळजवळ नाहीत. हाडे मुख्यतः खालच्या थरात, तर हत्यारे बहुतांशी वरच्या थरात आहेत. हाडे आधीपासून साचलेली असावीत आणि नंतर आलेल्या माणसांच्या चुलींमुळे ती भाजली गेली असावीत, असे या पक्षाचे म्हणणे आहे. थरांमध्ये सरमिसळ झाली की नाही, यावर वादाचा निकाल अवलंबून आहे.

निर्वंश : हिमयुगाच्या अखेरीचे हवामानबदल व शिकार ही दोन्ही कारणे सुचविली जातात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिती प्रतिमानानुसार ३,००० ते ७,००० लोकांची वस्ती हजार वर्षांच्या आत ही जाती संपविण्यास पुरेशी होती. यावरून शिकार शक्य ठरते, सिद्ध होत नाही.

उत्तरकालीन समजुती : गुहांत सापडणारी हाडे संत फॅनूरिओस यांची आहेत असे स्थानिक लोक मानत व त्यांची पूड औषध म्हणून घेत. प्रजातीचे नाव बूक्सोटन व सोंडार यांनी १९७२ मध्ये यावरूनच दिले.

निर्वंशानंतरच्या नवाश्मयुगीन वसाहतींत या प्राण्याची हाडे जवळजवळ मिळत नाहीत. तेथे माणसाने बोटीतून आणलेली डुकरे, शेळ्या-मेंढ्या व हरणे दिसतात.