तंजावरची पशुविद्या आणि तिचा पोशिंदा

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती-घोड्यांची लक्षणे व उपचार सांगणारी सचित्र हस्तलिखिते जतन केलेली आहेत. ती पाहताना चित्रकाराचे कौतुक वाटते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास निराळाच प्रश्न सुचतो. ही विद्या शिकलेल्या माणसाचा चरितार्थ कशावर चालत असे?

उत्तर राजाच्या पागेत आणि पीलखान्यात आहे. १७९८ मध्ये गादीवर आलेल्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधांची सिद्धता करविली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, तरी विद्येस आश्रय देण्याइतके ऐश्वर्य त्यांच्यापाशी उरले होते. १८५५ मध्ये अखेरचे राजे शिवाजी निवर्तले आणि राज्य खालसा झाले. पोथ्या राहिल्या; पागा पोसणारा दरबार राहिला नाही. शास्त्र खोटे ठरले नव्हते, त्याचा पोशिंदा गेला होता.

पुढे १९०३ मध्ये मद्रासला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. आता दरबाराची जागा सरकारी खात्याने घेतली. १९३५ मध्ये हे महाविद्यालय मद्रास विद्यापीठाशी जोडले गेले व पदवीचे शिक्षण सुरू झाले. मान वाढला, पदवीधराची दृष्टी मात्र बहुधा खात्यातील जागेवरच राहिली.

१९८४ च्या कायद्याने भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे शिक्षणाचे किमान मानदंड ठरविण्याचे काम आले. २०१६ च्या नियमांनी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा केला, आणि त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे ठेवले. म्हणजे विद्यार्थ्याने दवाखान्यात आणि गोठ्यात उभे राहून शिकावयाचे.

तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या नावाने छत्र बांधले होते. त्याच गावी २०१२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय चालू आहे. तेथील पदवीधर आता हत्तीखान्याकडे पाहत नाही. त्याच्यासमोर कावेरीकाठच्या शेतकऱ्याची दोन गुरे असतात.

श्रोतेहो, उमेदवारीने हात तयार होतो. पगाराची जागा त्याने निर्माण होत नाही. दोन गाईंच्या धन्याला वैद्याची पुरी फी परवडत नाही, म्हणून दूधसंघ, विमा किंवा सरकार यांपैकी कोणी तरी तिचा भार उचलला पाहिजे. अभ्यासक्रम बदलणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. नाही तर नव्या विद्येचीही जपून ठेवण्याजोगी पोथीच होईल.