कॉनराड वायझर : शोध एका पूर्वजाचा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क या प्रांतांतील अनेक जर्मन घराणी आपली वंशावळ अठराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मागे नेतात. तिथे पोहोचल्यावर पुढची वाट धूसर होते, कारण सीमाप्रदेशात दप्तर नव्हते आणि असलेच तर ते शिधा वाटणाऱ्याचे, जमीन विकणाऱ्याचे किंवा तह लिहिणाऱ्याचे होते. माणसाचे चरित्र लिहावे म्हणून यांपैकी एकही कागद तयार झालेला नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद मराठी वाचकाला राजवाड्यांनी पुरता शिकवला आहे. इथे मात्र बखर पूर्वजानेच लिहून ठेवलेली आणि कागद परक्या सरकारचे, असा काहीसा उलटा प्रकार आहे. म्हणून आम्ही एकच माणूस निवडतो : कॉनराड वायझर, जन्म १६९६, मृत्यू १७६०. त्याचे वंशज आज मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील अनेकांनी त्याचा माग काढण्यात वर्षे घालवली आहेत.

वायझरने आपल्या मुलांसाठी जर्मन भाषेत एक आत्मवृत्त लिहिले. ते अगदी त्रोटक आहे. त्याचा जन्म व्युर्टेम्बर्गमधील हेरेनबर्गजवळच्या आफश्टेट गावचा. घराण्याचे मूळ गाव ग्रोसआस्पाख. आई १७०९ च्या मे महिन्यात वारली. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, जून संपण्यापूर्वी, वडील योहान कॉनराड आठ मुलांना घेऊन बाहेर पडले. थोरली कातरीना नवऱ्याबरोबर आणि दोन मुलांबरोबर मागे राहिली. घर, शेत, कुरण, द्राक्षमळा आणि बाग वडिलांनी जावयाला विकली; त्याने पंचाहत्तर गुल्डेन दिले आणि बाकीचे सहाशे नंतर द्यायचे ठरले. ते कधीच आले नाहीत, तेव्हा ती भेटच झाली असे वायझर लिहितो. देश सोडण्याचा हिशोब इतक्या कोरड्या शब्दांत आम्ही फार कमी ठिकाणी वाचला आहे. आईच्या मृत्यूवर त्याने जेवढा मजकूर खर्च केला, त्याहून फारसा कमी या व्यवहारावर केलेला नाही. एवढ्यावरून त्याला भावनाशून्य म्हणणे अन्यायाचे होईल. मुलांना ठाऊक असावे असे त्याला जे वाटले, ते त्याने लिहिले.

१७०९ साली ऱ्हाइनकाठच्या आणि आसपासच्या हजारो जर्मनांनी लंडन गाठले. इंग्लंडमध्ये त्यांना सरसकट ‘पॅलटाइन’ म्हटले गेले, मग माणूस व्युर्टेम्बर्गचा का असेना. नाव शोधणाऱ्याला पहिली ठेच इथेच लागते. लंडनला पोहोचलेल्यांच्या ज्या याद्या टिकल्या आहेत, त्या मे-जूनमध्ये आलेल्या तांड्यांच्या आहेत. वायझर कुटुंब जूनच्या अखेरीस घरून निघाले, तेव्हा त्या याद्यांत ते सापडण्याची आशा धरणेच चूक.

पुढे राणी ॲनच्या सरकारने यांपैकी सुमारे तीन हजार लोकांना दहा जहाजांतून न्यूयॉर्कला पाठवले. हडसन नदीकाठच्या पाइनच्या जंगलांत त्यांनी इंग्रजी नौदलासाठी डांबर काढावे आणि प्रवासखर्च फेडावा, अशी ती योजना होती. आत्मवृत्तात ‘चार हजार जीव’ असा आकडा येतो. तेरा वर्षांच्या मुलाला जहाजांवरची गर्दी तशीच भासली असणार. जहाजे १७१० च्या जूनमध्ये किनाऱ्याला लागली. प्रवासात आणि उतरल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत चारशेंहून अधिक माणसे मेली. हा आकडा मात्र गव्हर्नर रॉबर्ट हंटरच्या दप्तरातून येतो, कारण मेलेल्या माणसाचा शिधा बंद करावा लागतो.

हंटरच्या या शिधायाद्या (१७१० ते १७१२) न्यूयॉर्कमधील जर्मन घराण्यांच्या इतिहासाचा पाया मानल्या जातात. त्यांत कुटुंबप्रमुखाचे नाव असते आणि त्यापुढे दोन आकडे : दहा वर्षांवरील माणसे किती, दहा वर्षांखालील मुले किती. धाकटा कॉनराड इथे नावाने येत नाही, तो पहिल्या आकड्यातला एक आहे. ज्यांनी अशा याद्या चाळल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की, एका तारखेला असलेला आकडा पुढच्या तारखेला कमी झाला की संशोधकाचा हात थांबतो. कुणी मेले असेल. कुणी पळाले असेल. किंवा कुणाला दुसऱ्याच्या घरी चाकरीला बांधून दिले असेल.

वायझरांच्या घरी हे तिसरे घडले. पोरक्या आणि गरीब पॅलटाइन मुलांना हंटरने करारपत्राने वसाहतवाल्यांकडे उमेदवारीला दिले. त्यांची स्वतंत्र यादी आहे. आत्मवृत्त सांगते की गेओर्ग फ्रेडरिक आणि क्रिस्तोफ फ्रेडरिक या दोघां भावांना गव्हर्नरने लाँग आयलंडला बांधून दिले. वडील तेव्हा आजारी होते आणि त्यांची संमती होती. याच उमेदवारीच्या व्यवस्थेतून योहान पीटर झेंगर नावाचा मुलगा विल्यम ब्रॅडफर्ड या मुद्रकाकडे गेला. १७३५ साली वृत्तपत्रस्वातंत्र्याचा जो गाजलेला खटला झाला, त्यातला आरोपी झेंगर तो हाच. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईमुळे भावंडे विखुरली असे वायझर लिहितो, आणि त्या वाक्यात मात्र कोरडेपणा टिकत नाही.

डांबराची योजना फसली. लंडनमध्ये सत्तांतर झाल्यावर पैसा आटला आणि १७१२ च्या सप्टेंबरमध्ये हंटरने शिधा थांबवला. त्याबरोबर यादीही थांबली! राज्यकर्त्याचा खर्च संपला की प्रजेचा इतिहासही संपतो, असा हा दप्तराचा न्याय आहे. पॅलटाइनांपैकी अनेक कुटुंबे पश्चिमेला स्कोहारी नदीच्या खोऱ्यात गेली. ती भूमी राणीने आपल्याला देऊ केली आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याच हिवाळ्यात एका मोहॉक सरदाराशी बोलणे करून वडिलांनी सोळा वर्षांच्या कॉनराडला भाषा शिकण्यासाठी मोहॉक लोकांत पाठवले. तो तिथे आठ महिने राहिला. अंगावर धड कपडे नव्हते, वसंत ऋतूच्या सुमारास यजमानांच्याच घरी अन्न उरले नाही, आणि दारू चढलेल्या माणसांच्या भीतीने तो कित्येकदा लपून बसे. उन्हाळ्यात परतला तेव्हा भाषा बरीचशी आली होती. बापाने काय हिशोब केला असेल? नव्या खोऱ्यात शेजारी मोहॉक होते. आपल्या माणसांपैकी कुणाला तरी त्यांची बोली यायलाच हवी होती. दोन मुलगे इंग्रजांकडे गेले, एक मोहॉकांकडे.

स्कोहारीची जमीनही शेवटी हातची गेली. पॅलटाइनांनी ती मोहॉकांकडून मिळवली होती, पण सरकारी सनद ऑल्बनीच्या बड्या भागीदारांच्या नावे निघाली. दाद मागायला थोरला वायझर १७१८ साली दोन सोबत्यांसह लंडनला निघाला. वाटेत चाच्यांनी लुटले, लंडनमध्ये कर्जापायी तुरुंग पाहिला आणि १७२३ साली तो रिकाम्या हाताने परतला.

बाप लंडनला असताना, १७२० च्या नोव्हेंबरमध्ये, कॉनराडचे लग्न झाले. आत्मवृत्तात तो धर्मोपदेशकाचे नाव देतो, तारीख देतो, स्थळ देतो, आणि वधूचे नाव ‘माझी ॲना ईव्ह’ एवढेच देतो. माहेरचे आडनाव नाही. या एका गाळलेल्या शब्दावर पुढे दंतकथेचा मोठा वाडा उभा राहिला : ॲना ईव्ह ही मोहॉक स्त्री होती! मोहॉकांत राहिलेला, त्यांची भाषा बोलणारा, त्यांच्या सभांत मान मिळवणारा माणूस. मग बायकोही तिथलीच असणार, असा हा तर्क. अनेक वंशजांना ही कथा प्रिय आहे. त्यामागे केवळ अद्भुताची हौस आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या भूमीवर आपल्या पूर्वजांनी पाय रोवले ती आपली आहे, हे रक्ताच्या पुराव्याने सिद्ध करण्याची ओढही त्यात असावी.

कागद मात्र वेगळे सांगतात. कॉनराडची मुलगी मारिया हिचे १७४५ साली हाइनरिश मेल्खिओर म्यूलेनबर्ग या ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाशी लग्न झाले. म्यूलेनबर्गला हाले येथील पायटिस्ट संस्थेने पेनसिल्व्हेनियात पाठवले होते. तरंगमबाडीच्या मिशनशी जोडलेल्या, त्सीगेनबाल्गला घडवणाऱ्या याच संस्थेचे नाव दक्षिण भारताच्या मुद्रणेतिहासामुळे आपल्याकडील अभ्यासकांस परिचित आहे. दूरच्या मिशनऱ्यांची पत्रे हालेमध्ये छापली जात, तशी म्यूलेनबर्गचीही छापली गेली. त्यांत आपल्या सासऱ्याची हकीकत सांगताना त्याने सासूला ख्रिस्ती जर्मन आईबापांची मुलगी म्हटले आहे. जावयाला हे ठाऊक असणारच, आणि सासू तेव्हा हयात होती. पुढच्या संशोधकांनी तिला शिधायाद्यांतल्याच फेक कुटुंबाशी जोडले. प्रश्न असा सुटला, दंतकथा तरीही सुटत नाही.

१७२९ साली वायझर बायको आणि चार मुलांसह पेनसिल्व्हेनियातील टल्पहॉकन येथे स्थायिक झाला. पेनसिल्व्हेनियाच्या जर्मनांचा शोध घेणारा प्रत्येकजण प्रथम फिलाडेल्फियाच्या शपथयाद्या उघडतो. १७२७ पासून जहाजातून उतरणाऱ्या सोळा वर्षांवरील परदेशी पुरुषाला तिथे निष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या या याद्या म्हणजे जर्मन वंशावळकारांची पोथीच. प्रांतातला सर्वांत प्रसिद्ध जर्मन तीत नाही, कारण तो समुद्राने आला नाही, न्यूयॉर्कहून जंगलातून खाली उतरला.

ज्या जमिनीवर तो उतरला तिचे काय? १७२३ पासून तिथे पॅलटाइन कुटुंबे वसली होती, पण मूळ लेनापे लोकांनी ती अजून विकलेली नव्हती. १७२८ साली त्यांचा प्रमुख सासूनान याने फिलाडेल्फियात तशी उघड तक्रार केली. खरेदीखत झाले १७३२ साली. स्कोहारीत सनदवाल्यांनी ज्यांना उठवले, तेच इथे दुसऱ्याच्या जमिनीवर सनदेआधी बसले. घराण्यांच्या छापील इतिहासांत पहिली हकीकत भरभरून येते, दुसरी एखाद्या ओळीत उरकली जाते.

१७३१ पासून वायझर प्रांताच्या कागदांत वारंवार दिसू लागतो. ओनाइडा सरदार शिकेलामी आणि तो अशी ही जोडी. प्रांतमंडळाची इतिवृत्ते, प्रवासाच्या रोजनिश्या, खर्चाच्या पावत्या, आणि जर्मन कानाने ऐकलेल्या इंग्रजीतली त्याची पत्रे. १७३७ च्या हिवाळ्यात ओनोंडागाला जाताना बर्फात तो एका झाडाखाली मरणाच्या तयारीने बसला. शिकेलामी परत फिरला आणि त्याची समजूत घालून त्याला उठवले. हे त्यानेच लिहिले आहे.

१७४४ च्या लँकेस्टर तहात ओनोंडागा वक्ता कानासातेगो याने वसाहतवाल्यांना एकजुटीचा सल्ला दिला. बेंजामिन फ्रँकलिनने तो तह छापला आणि ते भाषण आजही अभ्यासले जाते. पण आपण वाचतो ते शब्द कुणाचे? इरोक्वाय बोलीतून इंग्रजीत आणणारा माणूस जर्मन होता. साहित्याच्या विद्यार्थ्याने या छापील तहांकडे भाषांतरित वाङ्मय म्हणून पाहायला हवे. भाषांतरकाराचे नाव त्यांत बहुधा दुभाष्या म्हणून एका कोपऱ्यात असते.

आणि हा दुभाष्या तटस्थ नव्हता. १७३६ च्या ऑक्टोबरात इरोक्वाय प्रमुखांनी डेलावेअर नदीकाठच्या लेनापे भूमीवरचा हक्क सोडल्याचे दुसरे खत झाले, ते मिळवून देण्यात वायझरचा हात होता. पुढच्या वर्षीच्या कुप्रसिद्ध ‘चालण्याच्या खरेदी’ने लेनापे बेघर झाले. १७४२ साली फिलाडेल्फियात कानासातेगोने त्यांना भरसभेत झिडकारून निघून जायला सांगितले, तेव्हाही दुभाष्या वायझरच होता. १७५५ च्या शरद ऋतूत लेनापे सूड घेण्यासाठी सीमेवर उतरले. टल्पहॉकनचे शेजारी तेव्हा रेड इंडियनांचा मित्र म्हणून वायझरवरच उलटले.

एक घरगुती कागद सांगायचा राहिला. वायझरने आपल्या चौदा मुलांच्या जन्माची नोंद ठेवली. त्यांत बेंजामिन दोनदा येतो, कारण पहिला मेल्यावर ते नाव १७४४ साली जन्मलेल्याला दिले. अशा दोन नावांनी किती वंशावळी बिघडल्या असतील! बहुतेक मुले वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने झाली. १७३६ आणि १७४० यांच्यामध्ये मात्र कुणीच नाही. १७३५ साली वायझर आणि काही शेजारी जुन्या पंथाची पुस्तके जाळून एफ्राटा येथील ब्रह्मचर्यवादी मठाकडे वळले होते. तिथे त्याने दाढी राखली, ‘बंधू एनोख’ हे नाव घेतले. जन्मनोंदीतली ती मोकळी जागा त्यामुळेच, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण ॲना ईव्हच्या आयुष्यातली ती वर्षे कशी गेली असतील याचा एवढाच कागद शिल्लक आहे, आणि तोही नवऱ्याच्या हातचा. पुढे त्याचे मठाधिपतीशी पटेनासे झाले आणि तो घरी परतला.

१३ जुलै १७६० रोजी वायझर वारला. दुसऱ्या वर्षी ईस्टन येथे भरलेल्या सभेत सेनेका जॉर्ज नावाच्या वक्त्याने दोन्ही पक्षांच्या वतीने शोक व्यक्त केला : तो गेल्यापासून आपण सारेच अंधारात बसलो आहोत, एकमेकांचे बोलणे पूर्वीसारखे कळत नाही. हे वाक्यही अर्थात दुसऱ्या एका दुभाष्याच्या तोंडूनच इंग्रजी कागदावर उतरले.